डोराकेक की दोरायाकी?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेतला एक पेपर, एवढीच ओळख. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी "एक लेख दे" म्हटलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी सुधारल्या असतीलच, उरलेल्या माझ्या. विषय मात्र मी स्वतः निवडलाय. तो ऐकून माझी रूमी म्हणाली, "इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कार्टूनवर लेख? लोक हसतील ना!" हसू देत. हसून झालं की वाचा.

तर गोष्ट ३ सप्टेंबर २०२५ ची. या तारखेचं महत्त्व आमच्या विंगमध्ये माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. डोरेमॉनचा वाढदिवस! खरं तर तो जन्मणार आहे ३ सप्टेंबर २११२ ला. तेव्हा केक कापायला आपल्यापैकी कोणी नसणार, म्हणून आत्ताच कापून घ्यायचा. मी केक आणला, कॉमन रूममध्ये लॅपटॉप जोडला आणि नुकत्याच आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलींनाही बोलावलं. पंधरा-वीस जणी जमल्या. छान चाललं होतं. मग मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, "केक फक्त खऱ्या फॅन्सना मिळेल. आधी व्हायवा!"

व्हायवा हा शब्द गमतीत वापरला होता. पण एक्स्टर्नलच्या खुर्चीत बसलं की माणूस बदलतो, हे मला त्या दिवशी कळलं. डोरेमॉनची उंची किती? १२९.३ सेंटिमीटर. वजन? १२९.३ किलो. छातीचा घेर? तोच आकडा. उंदीर दिसल्यावर पळण्याचा वेग? ताशी १२९.३ किलोमीटर! हा आकडा उगाच आलेला नाही. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस ही चित्रकथा सुरू केली तेव्हा जपानमधल्या चौथीच्या मुलांची सरासरी उंची तेवढी धरली होती. म्हणजे डोरेमॉन आणि वाचणारं पोरगं समोरासमोर उभं राहिलं तर कोणालाच मान वर करायला नको. (मी बीएमआय काढून पाहिला, ७७ येतो. घनतेचं गणित मेकॅनिकलवाल्यांनी आपापलं सोडवावं.) हे सगळं मला पाठ आहे. सिग्नल्सचे फॉर्म्युले पेपरच्या आदल्या रात्रीही पाठ होत नाहीत, पण हे पाठ आहे.

मग एका ज्युनिअरची पाळी आली. संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. मी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, "डोरेमॉनला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"डोराकेक," ती म्हणाली.

"डोराकेक असं काही नसतंच! ते हिंदी डबिंगवाल्यांनी केलंय. दोरायाकी म्हणतात त्याला. किती एपिसोड पाहिलेस तू?"

"मोजले नाही ताई. शेजारच्या काकूच्या घरी लागला असला तं पाहो. एकच नीट आठोते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तीही हसली, हे जास्त वाईट. मग "सबमिशन आहे" म्हणून ती उठून गेली. फर्स्ट इयरला ३ सप्टेंबरला कसलं आलंय सबमिशन! तिच्या वाटणीचा केक रूमीने खाल्ला. रूमीला व्हायवात शून्य मार्क होते. तिने सुनिओला "तो टोकदार डोक्याचा" आणि डेकिसुगीला "तो टॉपर" म्हटलं होतं. पण रूमीला अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

त्या रात्री रूमीशी माझं भांडण झालं. ती जेवताना समोर काहीतरी लागतं म्हणून कार्टून बघते. कधी डोरेमॉन, कधी शिनचॅन, कधी ओगी. एपिसोड अर्धा सोडून झोपते. माझ्या दृष्टीने ही बघण्याची पद्धतच नव्हे. मी म्हटलं, "तू फॅन नाहीस." ती म्हणाली, "मग मी कुठे म्हटलं फॅन आहे? मला आवडतं, बस. तू मात्र दर महिन्याला सिद्ध करत असतेस. कोणाला सिद्ध करतेस गं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झालाय.

आपल्याकडे गाण्याच्या मैफलीबद्दल बोलताना दर्दी आणि गर्दी असे दोन शब्द वापरतात. दर्दी म्हणजे जाणकार, गर्दी म्हणजे आपली अशीच आलेली. हे शब्द अर्थातच दर्दींनी तयार केलेत, गर्दीला कोणी विचारलं नाही. माझे आजोबा नाट्यसंगीतातले दर्दी. ते सांगतात, त्यांच्याही आजोबांच्या काळी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे चाहते एकमेकांशी वाद घालायचे. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत एकत्र 'संयुक्त मानापमान' केलं तेव्हा दोन्हीकडचे लोक आपला गवय्या जिंकतो की नाही हे बघायला गेले होते, असं आजोबा म्हणतात. त्या काळी गंधर्व टोपी निघाली होती. आता माझ्या कपाटात डोरेमॉनचं कीचेन आहे. म्हणजे हे वेड काही जपानहून आलेलं नाही.

पण एक फरक आहे. आजोबांच्या वेडाला घरात मान होता. आपल्याकडे क्रिकेटच्या वेडालाही आहे. १९८३ ची फायनल, भारत १८३, वेस्ट इंडिज १४०, हे घडाघड म्हणणारा माणूस कोणत्याही स्टाफरूममध्ये सापडेल. त्याला कोणी "अजून लहान आहेस का?" असं विचारत नाही. कार्टूनवाल्याला मात्र विचारतात. 'शिनचॅन' तर मुळात मुलांसाठी नव्हताच. योशितो उसुई यांनी तो १९९० मध्ये मोठ्यांच्या मासिकात सुरू केला. आपल्याकडे २००६ मध्ये मुलांच्या चॅनेलवर आला, पालकांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये बंद झाला आणि पुढे कापाकापी करून परतला. तरी लोकांच्या लेखी सगळं एकच, "पोरांचं".

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. आपल्याला जे मनापासून आवडतं त्याला जग पोरकट म्हणतं, म्हणून आपण त्याचा अभ्यासक्रम बनवतो. साल, आकडे, मूळ नावं, मूळ भाषा. हे इतकं अवघड आहे म्हटल्यावर पोरकट कसं असेल? आणि मग रूमीसारखी कोणी येऊन सहज म्हणते, "हो, मलापण आवडतं तो निळा बोका," तेव्हा आपण रचलेला सगळा डोलारा हलतो. राग तिचा येतो. खरं तर ज्यांनी आपल्याला हसलं त्यांचा यायला हवा.

अशा वेड्या फॅन्सना जपानमध्ये ओताकू म्हणतात. आपल्या हॉस्टेलमध्येही काही जण अभिमानाने स्वतःला म्हणवून घेतात. १९८३ मध्येच (काय योगायोग!) अकिओ नाकामोरी नावाच्या लेखकाने एका मासिकातल्या सदरात हा शब्द अशा मुलांना चिडवायला वापरला. मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून आदरार्थी 'आपण'. ही मुलं एकमेकांशी बोलतानासुद्धा 'आपण-आपण' करायची म्हणे. पुढे तिकडे कित्येक वर्षं ती शिवीच होती. आपल्याकडे येईपर्यंत तिची पदवी झाली.

'आपलं घर' हा अर्थ वाचला तेव्हा मी जरा थबकले. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी दहावीत जाणार होते. शाळा फोनवर आली. मैत्रिणी दोनच होत्या, त्यातली एक शहर सोडून गेली. अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई-बाबा दिवसभर काळजीत, आणि मी गच्चीवरच्या खोलीत डोरेमॉन बघत बसलेली. आधी हिंदीत, मग जपानीत, खाली इंग्रजी सबटायटल्स. तेव्हाच सगळे आकडे पाठ झाले. तेव्हा मला ते जग लागत होतं, आणि ते फक्त माझं आहे असं वाटणंही लागत होतं. म्हणून आज कोणी त्यात चपला घालून शिरलं की अंगावर काटा येतो. रूमीला हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, पण त्या पोरीने कुठे चपला घातल्या होत्या?"

नव्हत्याच घातल्या. आणि हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. ती "डोराकेक" म्हणाली आणि मी ज्या स्वरात तिला सुधारलं, तो स्वर माझा नव्हता. तो माझ्या शाळेचा होता. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता. 'व्हेजिटेबल' चुकीचं म्हटलं की सगळ्या वर्गासमोर तीनदा म्हणून घ्यायचे आणि वर्ग हसायचा. मी पहिलीत खूप रुपये भरलेत. मला तो स्वर चांगला ओळखू येतो, तरी तो माझ्याच तोंडून निघाला.

बरं, माझं हे 'खरं' फॅनपण आलं कुठून? घरी वायफाय होतं म्हणून. इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येतात म्हणून. काकूच्या घरी टीव्ही लागला असला तर दारात बसून बघणाऱ्या मुलीला जपानी शब्द कुठून कळणार? तिच्यापर्यंत डोरेमॉन हिंदीतून आला. भारतात तो २००५ पासून हिंदीत लागतोय आणि आपल्या पिढीतली विदर्भातली निम्मी पोरं अर्धी हिंदी त्याच्याकडूनच शिकलीत. ज्या कोणी दोरायाकीचं 'डोराकेक' केलं, त्याने माझ्या मते चांगलंच काम केलं. दोन जाडसर गोड धिरडी आणि मधे लाल कडधान्याचं पुरण, हे खेड्यातल्या सहा वर्षांच्या पोराला एका शब्दात कसं सांगणार? केक म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी येतं. आणि आता खरं सांगते, मी स्वतः आजवर एकही दोरायाकी खाल्लेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर रूमी हा लेख विंगभर वाचून दाखवेल. वेड्या फॅन्सशिवाय काही गोष्टी होतच नाहीत. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' हा जपानी सिनेमा आपल्याकडे थिएटरात लागला तो फॅन्सनी सह्यांची मोहीम चालवून हजारोंनी सह्या केल्या म्हणून, आणि दिग्दर्शक माकोतो शिंकाई स्वतः भारतात आले. रूमीसारख्यांनी सही केली असती? लिंक उघडेपर्यंत ती झोपली असती. डोरेमॉनच्या शेवटाबद्दलची ती घाणेरडी अफवाही बघा. नोबिता कोमात होता, सगळं त्याचं स्वप्न होतं, वगैरे. दर सेमिस्टरला कोणीतरी डोळे मोठे करून मला हे सांगतं. साफ खोटं आहे. लेखकाने १९७४ मध्ये एकदा निरोपाची गोष्ट लिहिली होती खरी, पण त्याला राहवलं नाही आणि पुढच्याच महिन्यात त्याने डोरेमॉनला परत आणलं. पुढे १९९६ मध्ये लेखक गेला आणि शेवट लिहायचा राहूनच गेला. मला तर हे कोमापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं. कोणीतरी हे नीट माहीत करून ठेवायला हवं ना? त्यासाठी दर्दी लागतात. यावर माझं मत बदललेलं नाही.

पण दर्दींनी दाराशी तिकीट तपासत उभं राहायची गरज नाही. आमच्या व्हायवानंतर नऊच दिवसांनी, १२ सप्टेंबर २०२५ ला 'डेमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' देशभर लागला. पुण्यातली माझी मैत्रीण सकाळी लवकरच्या शोला गेली. रात्री फोनवर ती आनंदात असायला हवी होती, तर तक्रारच करत होती. म्हणे अर्ध्या हॉलला मागची गोष्ट माहीत नव्हती, कोणी कुठेही टाळ्या वाजवत होतं, हिंदी शोला तर जत्राच होती. अगं, ती जत्रा होती म्हणून तर सिनेमा चालला! नुसत्या दर्दींवर एवढी थिएटरं भरली असती?

शेगावात राहून हे न कळणं म्हणजे कमालच. आपली कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. ती देशभर कोणी नेली? आपण नाही. हावडा-मुंबई लाइनवरून जाणाऱ्या त्या लोकांनी, ज्यांनी शेगाव कधी पाहिलंही नाही. गाडी दोन मिनिटं थांबते, खिडकीतून हात बाहेर येतो, पुडा आत जातो, गाडी सुटते. त्यांना विचारा मसाल्यात काय असतं, दुकान कोणाचं, असली कोणती. काही सांगता येणार नाही. पण नागपूर-मुंबई प्रवासात शेगाव आलं की ते बरोबर जागे होतात. हॉस्टेलवर मात्र 'ओरिजिनल कचोरी कोणती' यावर आपण रात्री दोनपर्यंत वाद घालतो. वाद घालायलाही मजा येते, नाही असं नाही. पण म्हणून खिडकीतल्या हाताला कोणी विचारत नाही, "ओरिजिनल कोणाची ते सांग, मगच देतो."

मंदिरातही तेच. दर्शनाच्या रांगेत कोणी विचारत नाही, २१ अध्यायांपैकी किती वाचलेत.

असो. ऑक्टोबरमध्ये, पहिल्या युनिट टेस्टनंतर, मी त्या ज्युनिअरच्या खोलीवर गेले. सॉरी म्हणायचं ठरवून गेले होते आणि दारात उभी राहून "पाणी आहे का गं?" असं विचारलं. तिने बाटली दिली. मग मी विचारलं, "तो एक एपिसोड कोणता, जो तुला आठवतो?"

तिला आधी वाटलं परत व्हायवा आहे. मग म्हणाली, "थो नोबिता मशीनीत बसून आजीले भेटाले जाते ना, थो."

मला लगेच माहीत होतं. फाटलेलं अस्वल सापडतं, आजीने शिवलेलं, आणि नोबिताला आजीची आठवण येते. ती तो लहान असतानाच गेलेली. टाइम मशीनमधून तो तिच्याकडे जातो. आजी म्हणते, तुला दप्तर घेऊन शाळेत जाताना एकदा बघायचंय. मग तो घरी परत येऊन दप्तर पाठीला लावून तिच्यासमोर जातो.

"माझी आजी मले शाळेत पोहचवाले ये," ती म्हणाली. "दप्तर थेच धरे. मी चौथीत होती तवा गेली. थ्या दिवशी काकूच्या घरी हे लागलं, आन मले लय रडू आलं. काकू म्हने, कार्टून पाहून कोनी रडते का व!"

मी ती गोष्ट चार वेळा पाहिली आहे. हिंदीत, जपानीत, २००० सालच्या लघुपटात आणि 'स्टँड बाय मी डोरेमॉन २' मध्ये, जो २०२० मध्ये आला. ती बोलत असताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं सांगू? ही सालं. तिच्या आजीचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. ते मी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये विचारलं.

आता दर रविवारी रात्री जेवणानंतर कॉमन रूममध्ये आम्ही काहीतरी लावतो. व्हायवा बंद आहे. रूमी येते, अर्ध्यात झोपते. मी अजूनही मधे मधे पॉझ करून "हे मूळ कथेत वेगळं आहे" असं सांगते आणि सगळ्या मिळून मला उशी मारतात. ती ज्युनिअर एकदा आली. दाराजवळच बसली, अर्धा एपिसोड पाहिला आणि ड्रॉइंगची शीट पूर्ण करायचीय म्हणून उठली. या वेळी शीट खरोखरच होती, मी दुसऱ्या दिवशी पाहिली. पुढच्या रविवारी तिला परत बोलवायला जाणार आहे. आणि कोणाला दोरायाकी करता येत असेल तर प्लीज कळवा. मेसच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "पुरण मी करून देते, बाकीचं तुम्ही बघा."